नळाख्यान पहिल्यांदा लावताय? मग एवढं वाचून जा

चैत्रातला उत्सव, अमरावती जिल्ह्यातलं एक लहानसं देऊळ, समोर शंभर-सव्वाशे माणसं आणि कीर्तनातलं माझं पहिलं नळाख्यान, म्हणजे नळ-दमयंतीची गोष्ट. हंस उडवला, स्वयंवर रंगवलं, पाच नळांच्या प्रसंगाला टाळ्या घेतल्या. मग घड्याळाकडे पाहिलं तर उत्तररंगाचा, म्हणजे कीर्तनातल्या गोष्टीच्या भागाचा, पाऊण तास संपलेला, आणि आरतीचं ताट घेऊन एक गृहस्थ खांबाशी येऊन उभे. पुढचं द्यूत, वनवास, ताटातूट, पुनर्भेट असं सगळं मी आठ मिनिटांत उरकलं. कीर्तनानंतर पाया पडायला आलेल्या एका आजींनी हात धरून विचारलं, "बाई, सारं गोड झालं, पण मंग थो नळ घरी आला का नाई?"

आला होता. मी सांगितलंही होतं, एका वाक्यात.

त्यानंतर हे आख्यान मी पुष्कळदा लावलं. दर वेळी काहीतरी चुकलं आणि ते वहीत टिपून ठेवलं. नारदीय पद्धतीनं उत्तररंगात आख्यान लावायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. शाळेत किंवा सुट्टीच्या शिबिरात नुसती गोष्ट सांगणार असाल, तर पद्यांचा भाग सोडून द्या. बाकीचं तसंच्या तसं कामी येईल.

आधी जमवायचं सामान

- महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान, भाषांतर का होईना, पण पूर्ण
- रघुनाथ पंडितांचं दमयंतीस्वयंवर आणि मोरोपंतांच्या आर्याभारतातलं वनपर्व, पद्यांसाठी
- एक वही. फोनमधल्या नोंदी उत्सवाच्या दिव्यांखाली दिसत नाहीत आणि फोन हातात घेऊन उभं राहणं शोभतही नाही
- चिपळ्या किंवा झांज, जे हाताला सरावाचं असेल ते
- एक सुती उपरणं. रेशमी नको. का, ते नवव्या पायरीत सांगते
- समोर दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ
- कोमट पाण्याचा तांब्या

पेटीवाल्यांना आणि तबलजींना तुमचा स्वर आदल्या दिवशी कळवा. मी काळी चारमध्ये गाते हे एकदा सांगायचं राहिलं, आणि पहिलं पद मी भलत्याच उंच पट्टीत ओरडत काढलं.

१. मूळ कथा पुरती वाचा

ऐकीव नळाख्यानावर उभं राहू नका. आपल्या कानावर आलेली गोष्ट बहुतेक वेळा स्वयंवरापर्यंतची असते, आणि त्याला कारण आहे. गोड पद्यं सगळी तिथेच आहेत. रघुनाथ पंडितांच्या काव्याचा भर नावाप्रमाणेच स्वयंवरावर. संस्कृतात श्रीहर्षांचं नैषधीयचरित २२ सर्गांचं, पण तेही लग्नानंतरच्या सुखापर्यंत येऊन थांबतं, फाशांपर्यंत जातच नाही. नवा कीर्तनकार पद्यं पाठ करतो, पद्यं जिथे जास्त तिथेच रेंगाळतो, आणि मग त्याला आरतीचं ताट दिसतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे उपाख्यान ५० ते ७८ अशा २९ अध्यायांत आहे. दमयंती माळ घालते ती ५४ व्या अध्यायात. म्हणजे पाच अध्यायांत लग्न लागतं आणि उरलेले चोवीस लग्नानंतरचे. ही मोजदाद वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ही गोष्ट कोण कुणाला सांगतं तेही सोडू नका. अर्जुन इंद्रलोकी गेलेला आहे आणि बाकीचे पांडव काम्यकवनात आहेत. युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका दुःखी राजा तुम्ही कधी पाहिलात का? द्यूतात सगळं घालवून बसलेल्या माणसाला ऋषी दुसऱ्या एका जुगाऱ्याची गोष्ट सांगतात. या चौकटीला तीन मिनिटं द्या. श्रोत्यांना महाभारत ठाऊक असतंच, त्यामुळे ते लगेच सावरून बसतात.

२. पूर्वरंगासाठी मनावरचा अभंग घ्या

पूर्वरंग म्हणजे गोष्टीआधीचा निरूपणाचा भाग. तिथे मी सुरुवातीला प्रेमावरचं पद घ्यायचे. निरूपण छान व्हायचं, पण आख्यान संपल्यावर मूळपदाशी, म्हणजे ज्यावर निरूपण केलं त्या पदाशी, गाठ बसायची नाही. नळाचा घात बाहेरच्या शत्रूनं होत नाही, त्याच्या आतच कुणीतरी शिरतं. म्हणून तुकोबांचा मनाविषयीचा एखादा अभंग किंवा मनाच्या श्लोकांतला एखादा श्लोक घ्या. पूर्वरंगात दृष्टांत देताना जुगाराची उदाहरणं वापरू नका. ती उत्तररंगासाठी राखून ठेवा.

३. नावांचे सापळे आधीच मोडा

हे काम मध्यंतरानंतर, गजर झाला की पहिल्या दोन मिनिटांत करा. दमयंतीच्या वडिलांचं नाव भीम. तुम्ही "भीमराजा" म्हणालात की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे गदा येते. "हा विदर्भाचा राजा भीम, पांडवांतला नव्हे" असं सरळ सांगून टाका.

दुसरा सापळा आम्हा वऱ्हाडवाल्यांना जास्त नडतो. दमयंतीचं माहेर कुंडिनपूर, म्हणजे आमच्या इथलं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर असं आपण मानतो. रुक्मिणीचं माहेरही तेच. रुक्मिणी भीमकाची म्हणून भीमकी, आणि दमयंती भीमाची म्हणून भैमी. एकदा मी बोलण्याच्या ओघात भैमीऐवजी भीमकी म्हणून गेले, तर समोरच्या रांगेतून "रुक्मिणीमाता की जय" झालं. आख्यान तिथून परत वळवायला मला दोन पदं लागली. आता मी "भैमी" वापरतच नाही, सगळीकडे दमयंती म्हणते.

तिसरा सापळा पोरांचा. "नळराजा" म्हटलं की कोपऱ्यातली पोरं "पाण्याचा नळ" म्हणून खिदळणार. रागावू नका, हसू द्या आणि म्हणा, "लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे." खरंच लागतो.

४. स्वयंवर चौदा मिनिटांत बसवा

हंसाला पकडणं, त्यानं गयावया करणं, सुटल्यावर दमयंतीकडे जाऊन नळाचं वर्णन करणं, यासाठी दोन श्लोक पुरेत. मग इंद्र, अग्नी, वरुण आणि यम वाटेत नळाला गाठतात आणि त्यालाच दूत करून दमयंतीकडे धाडतात. आपल्याच प्रेयसीकडे जाऊन "माझ्याऐवजी देवाला वर" असं सांगायचं, ही नळाची पहिली परीक्षा. तो ती पार पाडतो, निरोपातला शब्दही बदलत नाही. इथे थोडं थांबा. हा माणूस शब्दाचा किती पक्का आहे हे आत्ता दिसलं नाही, तर पुढचा नळ लोकांना निव्वळ नालायक वाटेल.

स्वयंवराच्या मंडपात पाच नळ, कारण चौघा देवांनीही त्याचंच रूप घेतलेलं. दमयंती देवांचीच प्रार्थना करते, आणि तिला खुणा दिसू लागतात. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं कोमेजलेली नाहीत, सावली नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचवा घामेजलेला, धुळीनं माखलेला, कोमेजल्या माळेचा, सावली पडणारा. ती त्याला वरते. घाम आणि धूळ सांगताना आवाज खाली आणा, वाद्यं थांबवा. बायकांना हा प्रसंग फार आवडतो आणि तो मोठ्यानं सांगायचा नाही.

माळ पडली की देव वर देतात. चौघांचे दोन दोन, एकूण आठ. सगळे सांगत बसू नका. तीनच सांगा. अग्नी म्हणतो, तू इच्छिशील तिथे मी प्रकटेन. वरुण म्हणतो, तू इच्छिशील तिथे पाणी. यम म्हणतो, तुझ्या हातच्या अन्नाला चव येईल. हे तिन्ही वर श्रोत्यांच्या मनात नीट ठेवून पुढे चला, दहाव्या पायरीत ते परत मागायचे आहेत.

५. कली कुठून शिरतो ते दाखवा

स्वयंवराला उशिरा निघालेला कली वाटेत देवांना भेटतो आणि चिडतो. मग तो द्वापराला सोबत घेऊन बारा वर्षं वाट पाहतो. बारा वर्षांत नळाकडून चूक होते ती एवढीच, की एके दिवशी तो पाय न धुता संध्येला बसतो. तेवढी फट कलीला पुरते.

नव्या कीर्तनकारांना इथे स्वच्छतेवर व्याख्यान द्यायचा मोह होतो. मीही दिलं आहे. नका देऊ. बारा वर्षं आणि एक न धुतलेलं पाऊल, एवढं शेजारी शेजारी ठेवा आणि पुढे सरका.

द्यूत नळाचा भाऊ पुष्कर याच्याशी, आणि तेही महिनोन् महिने चालतं. दमयंती ऐकवते, मंत्री ऐकवतात, नळाला ऐकू जात नाही. मग ती जे करते ते ठळक सांगा. सगळं जाणार हे ओळखून ती सारथी वार्ष्णेय याला बोलावते आणि रथात दोन्ही मुलांना बसवून माहेरी पाठवते. शेवटी पुष्कर म्हणतो, आता दमयंतीला लाव. नळ बोलत नाही. अंगावरचे दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. हा नकारही लक्षात ठेवायला सांगा.

६. अर्धं वस्त्र: इथे नळाची वकिली करू नका

संपूर्ण आख्यानातली सगळ्यात अवघड दहा-बारा मिनिटं ही. भुकेला नळ सोनेरी पंखांच्या पाखरांवर आपलं नेसूचं वस्त्र टाकतो, आणि पाखरं वस्त्रासकट उडतात. वरून सांगतात, आम्ही तेच फासे, तू अंगावर वस्त्र घेऊन निघालास ते आम्हाला पाहवलं नाही. मग दोघं एकाच वस्त्रात चालतात. नळ पुन्हा पुन्हा विदर्भाची वाट दाखवतो. ती म्हणते, मला वाट का दाखवतोस? जायचंच असेल तर दोघं जाऊ.

रात्री एका पडक्या धर्मशाळेत ती झोपते. नळाला तिथे एक तलवार सापडते, तो वस्त्र मधोमध कापतो आणि निघतो. परत येतो. पुन्हा जातो. मूळ काव्यात त्याच्या मनाला झोपाळ्याची उपमा आहे. ती शब्दांत सांगण्यापेक्षा पावलांत दाखवा. गादीवरून चार पावलं पुढे, वळून मागे, पुन्हा पुढे. माझ्या बुवांनी हे मला सतरंजीवर तासभर करून घ्यायला लावलं होतं. तबला नको, फक्त पेटीवर एक स्वर धरलेला. तिसऱ्या वेळी मागे वळायचं नाही.

सापळा असा: "बिचारा काय करणार, कली अंगात होता ना" असं म्हणून नळाला सोडवायची घाई. कथेत कली आहे, खरंच आहे. पण सुरुवातीला मी ते इतकं ठासून सांगायचे की एकदा एका तरुण मुलीनं नंतर येऊन विचारलं, "ताई, म्हणजे बायकोला रानात टाकून आलेल्या कुणालाही असंच सोडायचं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी कलीचं नाव एकदा घेते आणि सोडून देते. पहाटे दमयंती जागी होते तिथून पुढचं आख्यान तिचं. नळाचा न्याय तिच्याकडेच राहू द्यावा, कीर्तनकारानं मध्ये पडू नये.

७. दमयंतीची वाट

अजगर, तिला सोडवणारा आणि मग तिच्याचकडे वाईट नजरेनं पाहणारा व्याध, तिच्या शापानं त्याचं मरणं. झाडांना, डोंगराला "माझा नळ पाहिलात का" असं विचारणं. इथे साकी किंवा ओव्या घ्या. एखादी जुनी जात्यावरची चाल येत असेल तर तीच लावा, शब्द आपोआप बसतात.

पुढे व्यापाऱ्यांचा तांडा भेटतो. रात्री तळ्याकाठी तळ पडतो आणि रानटी हत्तींचा कळप सगळं तुडवून जातो. वाचलेले लोक म्हणतात, ही बाई अपशकुनी. या वाक्यावर थांबा. समोरच्या बायकांत हे ऐकून घेतलेलं कुणीतरी नक्की बसलेलं असतं, त्यामुळे अभिनयाची फार गरज पडत नाही.

चेदीच्या राजवाड्यात ती सैरंध्री, म्हणजे राणीवशातली दासी, म्हणून राहते, पण अटी तिच्या: उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. सगळं गेल्यावरही तिच्याकडे अटी आहेत. मग वडिलांनी धाडलेला सुदेव ब्राह्मण येतो. तिच्या भुवयांमधली खूण मळानं झाकलेली, तरीही तो ओळखतो. राजकन्या सुनंदा मळ पुसते आणि राजमाता ओळखते की ही तर आपल्या बहिणीची लेक. पाच मिनिटांत आटपा. रडू येण्यासारखा प्रसंग आहे, पण इथेच सगळं रडून घेतलंत तर पुढे दासी केशिनीच्या प्रसंगाला काही उरत नाही.

८. कर्कोटक

वणव्यात अडकलेला नाग नळाला हाक मारतो. नळ उचलून नेतो. नाग म्हणतो, पावलं मोजत चल. दहावं पाऊल, "दश" म्हणताक्षणी नाग डसतो. संस्कृतात दश म्हणजे दहा, आणि दश म्हणजे डस सुद्धा. श्रोत्यांना ही कोटी समजावत बसू नका, मोठ्यानं "दश!" म्हणा आणि चिपळ्या एकदा वाजवा. नळ कुरूप होतो, बाहुक हे नाव घेतो. नाग सांगतो, हे विष तुला नव्हे, तुझ्यातल्या कलीला बाधेल. मूळ रूप परत मिळवायला तो वस्त्रंही देतो. झालं.

९. बाहुकाचा रथ: कटाव इथेच

अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याच्याकडे बाहुक घोडे आणि स्वयंपाक सांभाळतो. तिकडे दमयंती गावोगाव ब्राह्मण पाठवते, तोंडी एक निरोप देऊन: अरे जुगाऱ्या, माझं अर्धं वस्त्र कापून कुठे गेलास? सगळीकडून माणसं हात हलवत येतात. अयोध्येहून आलेला पर्णाद सांगतो, एका आखूड हातांच्या सारथ्यानं हे ऐकून डोळ्यांत पाणी आणलं.

दमयंतीची युक्ती इथे. ती वडिलांना कळू देत नाही, आईला सांगते, आणि सुदेवाला अयोध्येला धाडते: उद्या सूर्योदयाला दमयंती दुसरं स्वयंवर करणार आहे. एका रात्रीत तिथून विदर्भ गाठणारा सारथी जगात एकच. हे नीट सांगा, घाईत सांगितलंत तर लोकांना वाटतं की ती खरंच दुसरं लग्न करणार होती. एका गावात मला मध्येच थांबवून एका आजोबांनी याबद्दल विचारलं होतं. त्यात त्यांची चूक नव्हती, माझी होती.

आता घोडे. बाहुक मुद्दाम किडकिडीत घोडे निवडतो, ऋतुपर्ण कपाळाला हात लावतो, आणि रथ उडतो. कटाव, म्हणजे भरभर म्हणायचं लयदार पद्य, लावायची जागा हीच. आधी लावून ठेवलात तर आता दम राहणार नाही. तबलजींना खूण ठरवून ठेवा. मी डावा हात वर करते.

धावत्या रथातून ऋतुपर्णाचं उपरणं पडतं. तो म्हणतो, थांब, वार्ष्णेय आणेल (नळाचा जुना सारथी आता ऋतुपर्णाकडेच आहे). बाहुक म्हणतो, ते एक योजन मागे राहिलं. आता तुमच्या सुती उपरण्याचं काम. कटावाच्या ऐन भरात ते खांद्यावरून सोडा आणि मागे न बघता बोलत राहा. रेशमी उपरणं दोन प्रसंग आधीच घसरतं, असा माझा अनुभव. एकदा भैरवीच्या वेळी सात-आठ वर्षांचा मुलगा ते उचलून घेऊन आला आणि माइकपाशीच म्हणाला, "हे घ्या, मागं राहिलं होतं, एक योजन." त्या दिवशी बिदागी कमी मिळाली, पण मला चालली.

मग बेहड्याचं झाड. ऋतुपर्ण नुसत्या नजरेनं सांगतो, दोन फांद्यांवर फळं २,०९५. बाहुक रथ थांबवतो, मोजतो, आकडा बरोबर. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. मी एकदा नुसतंच "हजारो" म्हटलं आणि प्रसंगाची जादू गेली. अचूक आकड्यातच ती आहे. शिवाय जुन्या काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत, हे एका वाक्यात सांगा. ज्या फळांनी नळाला बुडवलं, त्याच फळांच्या झाडाखाली तो ऋतुपर्णाकडून फाशांचं रहस्य शिकतो. ते शिकताच विष ओकत कली बाहेर पडतो आणि बेहड्यात जाऊन लपतो. गावात बेहडा असेल तर त्याची दोन फळं खिशात ठेवा आणि इथे दाखवा. मुलांनी बेहडा पाहिलेला नसतो.

कुंडिनपुरात पोचल्यावर थोडं हसू. ऋतुपर्ण बघतो तर मंडप नाही, तोरण नाही, वऱ्हाड नाही. भीमराजा विचारतो, कसं येणं केलंत? बिचारा म्हणतो, सहज, आपली भेट घ्यायला. हा प्रसंग वऱ्हाडीत केला की हमखास वाजतो.

१०. केशिनी आणि मागे पेरलेले वर

रथाचा आवाज ऐकताच दमयंतीला संशय आलेला असतो, पण समोर दिसतो कुरूप सारथी. ती धावत जात नाही. दासी केशिनीला पाठवते, बघून ये म्हणते.

केशिनी येऊन सांगते: दार ठेंगणं होतं तर तो वाकला नाही, दारच उंच झालं. रिकाम्या घड्यांकडे त्यानं नुसतं पाहिलं, घडे भरले. इथे मागच्या कोपऱ्यातल्या पोरांकडे वळा, काही बोलू नका. पोरंच ओरडतात, "नळ!" सगळं देऊळ हसतं आणि त्या हसण्यात दमयंतीला खात्री पटत जाते. मग गवताची मूठ हातात धरताच पेटली. मग त्यानं शिजवलेलं ती चाखून बघते आणि चव ओळखते. वरुण, अग्नी, यम, तिघांचं देणं फिटलं. पुढे दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवलं जातं. तो त्यांना कवटाळून रडतो आणि केशिनीला म्हणतो, माझी मुलं अशीच होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. या वाक्यानंतर पाच सेकंद काहीच बोलू नका. माइकवाल्यालाही सांगून ठेवा, नाहीतर तो आवाज गेला समजून बटणं फिरवत बसतो.

समोरासमोर आल्यावर आधी दमयंती विचारते, झोपलेल्या निरपराध बायकोला रानात टाकून जाणारा कुणी पाहिलास का, नळाशिवाय? आणि नळही विचारतो, मग दुसऱ्या स्वयंवराचं काय? दोघांनाही विचारू द्या. ताटातुटीनंतर चौथ्या वर्षी ही भेट होते, आणि ती आधी भांडण होऊन मग होते. थेट गळाभेट घातलीत तर समोरची जोडपी एकमेकांकडे बघत नाहीत. भांडण घातलंत की बघतात.

११. पुष्कर

नळ महिनाभर कुंडिनपुरात राहतो आणि मग आपल्या निषध देशाला निघतो: एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे, सहाशे पायदळ. पुष्कराला म्हणतो, एक डाव, नाहीतर लढाई. पणाला लावतो ते नवं मिळवलेलं धन आणि दमयंतीसुद्धा.

होय, ज्यानं पहिल्या खेळात नकार दिला होता, त्यानंच. पुष्कळजण हे गाळतात, मीही दोन वर्षं गाळलं. मग एका श्रोत्यानं घरी जाऊन मूळ वाचलं आणि पुढच्या वर्षी मला गाठलं. आता सांगते. फाशांचं रहस्य कळलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो जुगारच नव्हता, असं एक समर्थन आहे. मला ते पुरतं पटत नाही, आणि तसं मी गादीवरून म्हणतेही. ही गोष्ट युधिष्ठिर ऐकतो आहे, याची आठवण इथे करून द्या, सभा गप्प होते.

डाव नळ जिंकतो. पुष्कराला मारत नाही. म्हणतो, पहिल्यांदा मला हरवलंस ते तू नव्हतास, कली होता. त्याचं राज्य त्याला परत देऊन पाठवतो. इथून सरळ मूळपदावर या, भैरवी, आरती.

१२. उतरल्यावर लगेच

बिदागी, प्रसाद, फोटो नंतर. आधी वहीत वेळा लिहा. उत्तररंग सव्वा तासाचा धरून माझी सध्याची वाटणी अशी आहे: काम्यकवन ३, स्वयंवर १४, कली आणि द्यूत ८, अर्धं वस्त्र आणि अरण्य १३, चेदी ५, कर्कोटक ५, निरोप ४, रथ १०, केशिनी ८, पुष्कर ५. मागच्या खेपेला हंसावर दोन मिनिटं जास्त गेली आणि ती पुष्कराची कापावी लागली.